लग्नसोहळ्याचे शेवटचे पान

लग्न ठरले की घरात पहिली चर्चा रंगते ती पत्रिकेची. कागद कोणता घ्यायचा, गणपती कोणता छापायचा, मजकूर मराठीत असावा की इंग्रजीत, पाकिटांवर नावे कोणाच्या अक्षरात घालायची, यावर थोरामोठ्यांपासून शाळकरी भावंडांपर्यंत सारे हिरिरीने बोलतात. त्याच घरात लग्न आटोपल्यावर मात्र चित्र पालटते. मंडप उतरलेला असतो, पाहुणे पांगलेले असतात आणि उपस्थितांचे आभार मानण्याचे काम मोबाइलवरून एकाच वेळी शेकडो जणांना धाडलेल्या एका मजकुराने उरकलेले असते. हात जोडल्याचे चिन्ह, वधूवरांचे एक छायाचित्र आणि 'आपल्या उपस्थितीने सोहळ्याची शोभा वाढली' हे ठरावीक वाक्य!

लग्नाला एक ठरावीक रूप, म्हणजे 'थीम', देण्याची रीत आता शहरांतून रुळली आहे. पत्रिका, मंडपाची सजावट, वऱ्हाडाचे पोशाख, जेवणाच्या ताटाभोवतीची रांगोळी हे सारे एकाच कल्पनेत गुंफले जाते. या साखळीतील शेवटची कडी म्हणजे आभारपत्र. ते घरच्या घरी, स्वतःच्या हाताने तयार करण्याचा उत्साह अनेक जोडप्यांत दिसतो. पण रंग जुळले, नक्षी जुळली एवढ्याने आभारपत्र साधत नाही. पत्रिका सर्वांसाठी एकच असते. आभारपत्र एकेका माणसासाठी असते. हा फरक ध्यानात ठेवला की कागदापासून मजकुरापर्यंतचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात.

आभार की परकेपणा?

'आपल्याच माणसांचे आभार काय मानायचे?' हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. मामाने मुहूर्तावर मुलीला बोहल्यापर्यंत आणले, आत्याने रात्र जागून रुखवत मांडले, तर त्यांना 'धन्यवाद' म्हणणे म्हणजे नात्यात अंतर पाडल्यासारखे वाटते. म्हणूनच आपल्याकडे कृतज्ञता शब्दांपेक्षा वस्तूंतून आणि कृतीतून व्यक्त होत आली. मानपान, परतीचा आहेर, ओटीतला नारळ, पाहुण्यांच्या हाती दिलेली लाडू-चिवड्याची पुडी ही सारी आपली आभारपत्रेच आहेत, फक्त त्यांवर अक्षरे नसतात.

कागदी शुभेच्छापत्रांची प्रथा मूळची पाश्चात्त्य. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी नाताळचे छापील शुभेच्छापत्र काढले आणि पुढे त्याचा मोठा व्यवसाय झाला. लग्नानंतर प्रत्येक भेटीबद्दल स्वतंत्र चिठ्ठी पाठवण्याचा शिष्टाचारही तिकडचा. तो जसाच्या तसा उचलला तर आपल्याकडे कृत्रिम वाटतो. आपल्याकडील अनेक पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' असे नम्रपणे छापलेले असते. मग 'आपल्या भेटवस्तूबद्दल आभार' हे वाक्य लिहायचे तरी कोणाला?

आपल्या घरात या पत्राचे काम वेगळे आहे. ते भेटीची पोच नसून आठवणीची पोच असते. 'तुम्ही आमच्यासाठी जे केले ते आमच्या लक्षात आहे' एवढे ते सांगते. असे सांगितल्याने नाते परके होत नाही. उलट, लग्नाच्या गर्दीत आपण केलेले काम कोणी पाहिलेच नाही असे ज्याला वाटत असते, त्याच्यापर्यंत ते पोहोचते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. लग्नपत्रिका वडीलधाऱ्यांच्या नावे निघते. निमंत्रक आई-वडील, आजी-आजोबा, काका-काकू असतात. वधूवरांचे नाव तिथे सोहळ्याचा विषय म्हणून येते. आभारपत्र हा नव्या संसाराने स्वतःच्या नावाने लिहिलेला पहिला कागद असतो. त्यामुळे तो कसा दिसतो यापेक्षा तो कोणाच्या हातचा आहे, याला अधिक मोल आहे.

एक चिन्ह, दोन रंग

'थीम' जुळवायची म्हणजे मंडपात जे जे होते ते सारे कार्डावर उतरवायचे, असा समज करून घेतला की कार्ड बटबटीत होते. कमळे, मोर, पालखी, सनई-चौघडा आणि वर वधूवरांचे छायाचित्र अशा दाटीत लिहायला जागाच उरत नाही. साधा नियम असा ठेवावा : एक चिन्ह, दोन रंग, एक कागद. ते चिन्ह पाहुण्यांनी लग्नात प्रत्यक्ष पाहिलेले असावे, म्हणजे कार्ड हाती पडताच तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो.

समजा, लग्नाची कल्पना पैठणीभोवती गुंफलेली होती. पैठणीचा अख्खा पदर कार्डावर छापण्याचा मोह होईल, पण हातमागावरची झळाळी छपाईत येत नाही आणि त्या नकलेपुढे मूळ वस्त्र उगाच फिके वाटू लागते. त्याऐवजी नारळी काठातील ओळीने येणारी टोकदार नक्षी किंवा आसवलीच्या वेलीतील एखादेच फूल घ्यावे आणि त्याची अरुंद पट्टी कार्डाच्या घडीलगत उभी उमटवावी. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे अनेक पैठण्यांत धूपछाव दिसते. कार्डासाठी दोन रंग निवडताना हेच दोन धागे डोळ्यांपुढे ठेवावेत : आतला कागद एका रंगाचा, पट्टी दुसऱ्या. पोलक्याच्या कापडाचा उरलेला तुकडा असेल तर त्याच्या बारीक चिंध्या वापरता येतात. पण आजीच्या जुन्या पैठणीवर कात्री चालवण्याचा विचारही करू नये.

दुसरे उदाहरण वारलीचे. शहरी लग्नांतून वारली चित्रांची सजावट आता सर्रास दिसते. बारीक त्रिकोणांची माणसे काढायला सोपी वाटतात, म्हणून घरगुती कार्डांवरही ती उतरतात. मात्र या चित्रांचे लग्नाशी असलेले नाते सजावटीहून खोल आहे. पालघर-डहाणू परिसरातील वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखाटला जातो. तो परंपरेने सुवासिनी काढतात आणि चौकात पालघट देवी असते. घराबाहेर ही कला कागदावर आणि कापडावर नेऊन जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हे ठाऊक असेल तर देवीचा चौक केवळ नक्षी म्हणून छापायला हात धजावत नाही. झाडे, पक्षी, वऱ्हाडाची रांग अशी साधी चित्रे घ्यावीत. त्याहून चांगले म्हणजे एखाद्या वारली चित्रकाराकडून एक चित्र योग्य मोबदला देऊन काढून घ्यावे, कार्डासाठी वापरणार असल्याचे आधी सांगावे आणि कार्डामागे बारीक अक्षरात त्याचे नाव द्यावे. आभार मानणाऱ्या कागदावर ज्याची कला वापरली त्याचाच उल्लेख नसणे बरे दिसत नाही.

अनेक लग्ने नोंदणी पद्धतीने, मोजक्या माणसांत होतात. तिथे 'थीम' अशी नसतेच. पण त्या दिवशी हातात असलेला मोगऱ्याचा गजरा, नोंदणीनंतर सर्वांनी मिळून घेतलेला चहा किंवा गावाकडच्या घराची चौकट यांतील एखादी रेखाकृतीही पुरेशी होते. वैदिक पद्धतीच्या लग्नासाठी अंतरपाटाची कल्पना कार्डाच्या रचनेतच आणता येते. घडीच्या कार्डात आतल्या मजकुरावर पातळ, अर्धपारदर्शक कागदाचे एक पान वरच्या कडेने चिकटवावे आणि त्यावर लाल रंगाने स्वस्तिक काढावे. ते पान वर उचलले की खालचा मजकूर दिसतो. अंतरपाट दूर होण्याचा तो क्षण पाहणाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कागदाचा हिशेब

हाताने केलेल्या कार्डाला हातकागदच शोभतो. महाराष्ट्राला या कागदाची जुनी परंपरा आहे. जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची जुनी केंद्रे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या तर नावातच हा व्यवसाय आहे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. राजस्थानातील सांगानेर हेही हातकागदाचे मोठे केंद्र आहे. हा कागद प्रामुख्याने सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही आणि लांब सुती तंतूंमुळे तो टिकाऊ असतो.

कागद घेताना त्याचे वजन विचारावे. घडीच्या कार्डाला दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचा कागद ठीक पडतो. त्याहून पातळ कार्ड उभे राहत नाही आणि फार जाड कागद घडीवर तडकतो. पाकिटासाठी १०० ते १२० ग्रॅमचा कागद पुरतो.

हातकागदाचा पूर्ण ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा मिळतो. कार्ड घडी घातल्यावर ५ बाय ७ इंचांचे हवे असेल तर उघडा तुकडा ७ बाय १० इंचांचा लागतो. तावाच्या २२ इंची बाजूवर १० इंच मोजले तर दोन आणि ३० इंची बाजूवर ७ इंच मोजले तर चार, असे आठ तुकडे निघतात. तेच उलट केले, म्हणजे २२ इंची बाजूवर ७ आणि ३० इंची बाजूवर १० इंच मोजले, तर तीन त्रिक नऊ तुकडे निघतात. दीडशे कार्डांसाठी आठच्या हिशेबाने एकोणीस ताव लागतात, नऊच्या हिशेबाने सतरा. बिघडणाऱ्या कार्डांसाठी दोन-तीन ताव जास्त घ्यावेत. अर्थात हा हिशेब तावाच्या ओबडधोबड कडा तशाच ठेवल्या तरच जमतो आणि त्या ठेवाव्यातच. हातकागदाची ओळख त्या कडांतच असते. प्रत्येक ताव मापाला तंतोतंत नसतो, म्हणून कापण्यापूर्वी सर्व ताव मोजून पाहावेत. घडी नकोच असेल आणि ४ बाय ६ इंचांचे साधे कार्ड चालणार असेल, तर एका तावातून पंचवीस कार्डे निघतात.

हल्ली बिया घातलेला कागदही मिळतो. तुळस किंवा झेंडू यांच्या बिया लगद्यातच मिसळलेल्या असतात आणि कार्ड भिजवून मातीत पुरले की रोपे उगवतात. पर्यावरणाची कल्पना घेऊन केलेल्या लग्नाला तो साजतो. मात्र या कागदाला दाबाच्या छपाईत घालू नये, त्यावर प्लास्टिकचा थर देऊ नये आणि तो फार दिवस साठवू नये. शिवाय एक व्यावहारिक प्रश्न उरतो : जपून ठेवण्यासारखा मजकूर लिहिलेले पत्र कोणी मातीत का पुरावे? म्हणून बियांच्या कागदाची छोटी पट्टी कार्डाला जोडावी आणि मजकूर साध्या कागदावर लिहावा.

ठसा, घडी आणि शाई

घरी नक्षी उमटवण्याचा सर्वांत सोपा मार्ग ठशाचा. नारळी काठासारखी साधी नक्षी मोठ्या खोडरबरावरही कोरता येते. बारीक काम हवे असेल तर लिनोच्या तुकड्यावर कोरावे किंवा कापडछपाईसाठी मिळणारे लाकडी ठसे वापरावेत. ठशावर आकृती उलटी कोरावी लागते. पान-फूल असेल तर फरक पडत नाही, पण अक्षरे कोरायची असतील तर शिरोरेषेसह सारे आरशात दिसते तसे हवे. हातकागदाचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने ठसा एकसारखा उमटत नाही. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली तर दाब सारखा पडतो. तरीही एखाद्या ठशात रंग कमी-जास्त झाला तर ते कार्ड बाद करण्याची घाई करू नये. दीडशे कार्डांतील प्रत्येक ठसा थोडा निराळा येणे हेच तर हातकामाचे लक्षण!

कार्डे दोनशेच्या पुढे जाणार असतील तर नक्षीपुरती स्क्रीनची छपाई करून घेणे शहाणपणाचे ठरते. यात प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन करावी लागते आणि त्याप्रमाणे खर्च वाढतो. दोन रंगांचा नियम इथे खिशालाही उपयोगी पडतो.

जाड कागद नुसता दुमडला की घडी वाकडी बसते आणि तंतू फाटतात. त्यासाठी पोलादी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी एक दाबरेघ ओढावी आणि मग घडी घालावी. चिकटवण्यासाठी पातळ गोंद फार लावला तर कागद सुरकुततो. म्हणून गोंद कडेने आणि थोडाच लावावा, किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरावी.

पत्रिकेप्रमाणे आभारपत्राच्या कोपऱ्यालाही हळद-कुंकू लावण्याची अनेकांची इच्छा असते. ते लावताना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी संबंध आला की लालसर होतो. कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. त्यामुळे हळदीने रंगवलेली नक्षी टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. बोटाचा एक ठिपका पुरे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या नात्यात अशी एखादी मावशी किंवा काकू असते, जिला कुंकवाच्या प्रथेने वर्षानुवर्षे बाजूला ठेवले. तिला पाठवायच्या कार्डावर कुंकू लावायचे की नाही, हा पेच टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुळात सर्वांना सारखेच लागू होईल असे चिन्ह निवडणे. आभाराच्या कागदाने कोणाला वेगळे काढू नये.

लग्नातील फुले दाबून कार्डावर लावण्याची कल्पनाही गोड आहे, पण सगळी फुले तिला साथ देत नाहीत. मोगरा आणि निशिगंध दाबल्यावर तपकिरी पडतात. झेंडूच्या आणि गुलाबाच्या सुट्या पाकळ्यांचा रंग तुलनेने बरा राहतो. पाकळ्या टीपकागदात ठेवून जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे दाबाव्यात. ओलसर राहिल्या तर बुरशी धरते. मे महिन्यात लग्न झाले आणि कार्डे पावसाळ्यात करायला घेतली, तर हा धोका अधिक. अक्षतांचे दाणे चिकटवणे मात्र टाळावे. त्यांना कीड लागते आणि टपालात पाकीट दाबले गेले की दाण्यांची टोके कागदातून बाहेर येतात.

लिहिण्यासाठी मोकळी जागा

आता मुख्य गोष्ट. कार्डाच्या आतील किमान अर्धी जागा मोकळी ठेवावी आणि ती हाताने लिहिण्यासाठीच ठेवावी. 'अक्षर चांगले नाही' ही सबब इथे चालत नाही. अक्षर ओळखीचे असणे पुरेसे आहे. हातकागदावर फाउंटन पेनची शाई फुटण्याचा संभव असतो, म्हणून प्रत्येक नवा कागद घेतल्यावर एका तुकड्यावर तीन-चार पेने चालवून पाहावीत. जेल पेन किंवा न फुटणारी काळी शाई बहुधा चालते. ओळी सरळ येत नसतील तर जाड रेघा आखलेली पट्टी शेजारी ठेवून पेन्सिलीने फिकट खुणा कराव्यात आणि शाई सुकल्यावर त्या पुसाव्यात.

लिहायचे काय? 'आपली उपस्थिती आणि शुभाशीर्वाद यांमुळे आमचा आनंद द्विगुणित झाला' हे वाक्य वाईट नाही, पण ते कोणालाही लागू पडते आणि म्हणून कोणाच्याच वाट्याला येत नाही. लिहिताना प्रत्येकासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या माणसाने असे काय केले, जे दुसऱ्या कोणी केले नाही? उत्तर सापडले की दोन वाक्ये पुरतात.

'मामा, मुहूर्ताला दहा मिनिटे असताना हार सापडत नव्हते, तेव्हा तुम्ही एक शब्दही न बोलता खाली जाऊन दुसरे घेऊन आलात. तुमची ती धाप अजून कानांत आहे.'

'काकू, केळवणाला तुम्ही आवर्जून अळूचे फतफते केलेत. लग्नाच्या धावपळीत पोटभर आणि निवांत जेवलो ते तुमच्याकडेच.'

'शेजारच्या आजी, आमचे बारा पाहुणे तुमच्या घरी चार दिवस राहिले. दार वाजले की तुम्ही उठत होता. आता काही दिवस दुपारी आम्ही दार वाजवणार नाही!'

अशा वाक्यांत 'आभार' हा शब्द एकदाही येत नाही आणि 'आपल्या माणसाचे आभार कसले' हा पेचही उरत नाही. ज्यांच्याशी नाते औपचारिक आहे त्यांच्यासाठी, म्हणजे कार्यालयातील वरिष्ठ किंवा वडिलांचे परिचित यांच्यासाठी, 'आपण प्रवास करून आवर्जून आलात याचे आम्हांला फार अप्रूप वाटले' एवढे पुरे. तिथे सलगी दाखवू नये.

आलेल्या भेटीचा उल्लेख करायचा तर तिच्या किमतीचा किंवा आकाराचा नको, वापराचा करावा. 'कुकर मिळाला' यापेक्षा 'तुमच्या कुकरात पहिली खिचडी लावली, थोडी करपली' हे वाक्य देणाऱ्याला अधिक समाधान देते. रोख आहेर दिलेल्यांना रकमेचा आकडा कधीही लिहू नये.

मायने आणि नावे

पाकिटावरील नावाचा मायना हा मराठी शिष्टाचाराचा भाग आहे. आजी-आजोबांना आणि वडीलधाऱ्यांना 'ती.', म्हणजे तीर्थस्वरूप, लिहिण्याची रीत आजही गोड वाटते. आत 'सा. न. वि. वि.' लिहिल्यास हरकत नाही, पण पुढचा मजकूर साधा ठेवावा. स्त्रियांच्या नावांबाबत सावध असावे. वैवाहिक स्थिती सांगणारी जुनी संबोधने आज अनेकींना बोचतात. शंका असेल तिथे 'श्रीमती' लिहावे किंवा नाते आणि नाव एवढेच घालावे. पती-पत्नी दोघांना पत्र जात असेल तर दोघांची नावे लिहावीत, 'श्री. व सौ.' एवढ्यात तिचे नाव हरवू देऊ नये.

आणि खाली सही कोणाची? पत्रिकेत 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' असलेली मुले आता गृहस्थ झालेली असतात. लग्नानंतर नाव बदलले की नाही, आडनाव कोणते लावणार, याची उत्सुकता नातेवाइकांत असतेच आणि आभारपत्रावरील सही हे त्याचे पहिले लेखी उत्तर ठरते. म्हणून ती दोघांनी बोलून ठरवावी, सवयीने किंवा छापखान्याच्या नमुन्यावरून ठरू देऊ नये. बहुतेकांना पहिली नावे पुरतात. वराकडच्यांना वराने आणि वधूकडच्यांना वधूने लिहायचे अशी वाटणी सोयीची वाटते, पण काही पत्रांत ती मुद्दाम उलटवावी. सुनेच्या अक्षरातील दोन ओळी सासरच्या आजीला, आणि जावयाच्या अक्षरातील दोन ओळी माहेरच्या मावशीला, कोणत्याही आहेराहून मोठ्या वाटतात.

दोन याद्या

आहेराची वही बहुतेक घरांत असते. कोणी काय दिले याची नोंद तीत काटेकोरपणे होते, कारण पुढे त्या घरच्या कार्याला परतफेड करायची असते. आभारपत्रांसाठी तिच्याच शेवटच्या पानांवर दुसरी यादी करावी : राबलेल्या हातांची. पंक्तीत वाढणारे चुलतभाऊ, स्टेशनवरून पाहुण्यांना आणणारा मित्र, मेंदी काढून देणारी मैत्रीण, रांगोळी काढणारी शेजारीण, मुलांना सांभाळणारी आत्या, सोसायटीचा पहारेकरी, घरी भांडी घासणाऱ्या मावशी. ही यादी लग्नानंतर दोन-तीन दिवसांतच करावी, कारण देणाऱ्यांची नावे वहीत राहतात, पण राबणाऱ्यांची नावे स्मरणातून लवकर जातात. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पत्र द्यावे. घरातील मुले ते वाचून दाखवतात आणि तेव्हा सारे घर ऐकते.

कार्डांचे काम लग्नानंतर सुरू करायचे म्हटले तर ते रेंगाळते. कापणे, दाबरेघा ओढणे, ठसे उमटवणे ही कामे लग्नाआधी महिनाभर, भावंडांना जमवून एखाद्या रविवारी उरकावीत. आतली पाने कोरीच ठेवावीत. लग्नानंतर फक्त लिहिणे उरते. रोज रात्री दहा पत्रे लिहिली तर दीडशे पत्रे पंधरा दिवसांत होतात. पाश्चात्त्य शिष्टाचारात यासाठी तीन महिन्यांची मुदत सांगितली जाते. आपल्याकडे अशी मुदत नाही, पण महिन्याभरात पत्र पोहोचले तर आठवण ताजी असते. उशीर झालाच तर सारवासारव न करता पाठवावे. उशिरा आलेले पत्रही पत्रच असते.

जवळच्या घरी कार्ड हातानेच न्यावे, लाडवाच्या पुडीसोबत दिले तर आणखी उत्तम. टपालाने पाठवायचे असेल तर वजन आधी करून घ्यावे, कारण टपालाचा दर वजनावर ठरतो आणि कमी तिकिटे लावली तर भुर्दंड पत्र घेणाऱ्यालाच पडतो. मणी, खडे, मोती यांनी पाकीट फुगते आणि फाटते. असली सजावट हाती द्यायच्या कार्डांपुरतीच ठेवावी. पावसाळ्यात पत्त्याची शाई न पसरणारी असावी. परदेशातील नातेवाइकांना पाठवायच्या कार्डात बिया, फुले किंवा अक्षता घालू नयेत. अनेक देश वनस्पतिजन्य वस्तू अडवून ठेवतात.

इतका खटाटोप सर्वांसाठी शक्य नसेल तर संख्या कमी करावी, मजकूर नव्हे. पाचशे पाहुण्यांना छापील ओळ पाठवण्यापेक्षा पन्नास माणसांना हाताने लिहिलेल्या दोन ओळी पाठवणे केव्हाही चांगले. बाकीच्यांसाठी मोबाइलवरील संदेश आहेच. मंडपाची फुले दुसऱ्या दिवशी सुकतात, पत्रिका रद्दीत जाते, छायाचित्रे मोबाइलमध्ये खाली खाली सरकत जातात. नाव घेऊन लिहिलेले पत्र मात्र कपाटात साड्यांच्या घडीत किंवा पोथीच्या पानांत जाऊन बसते. तिथे ते बसावे, एवढीच त्याच्या रचनेची खरी कसोटी.